चाय नव्हे, छाय!

बीजिंगच्या गल्ल्यांमध्ये एक अक्षर भिंतीवर आलं की लोक सामान बांधायला लागायचे. त्या एका अक्षरामागे केलेली आठ दिवसांची भटकंती... आणि गिरगावात कपाटावर धूळ खात पडलेला एक फॉर्म.

बीजिंगहून आल्यापासून मला ठरलेले तीन प्रश्न विचारले जातात. ग्रेट वॉल केलीस का? विंचू खाल्लास का? आणि शॉपिंग? उत्तरं अनुक्रमे : हो, ईऽऽ नाही, आणि बॅग सात किलोंनी जड झाली. पण मुळात कशासाठी गेले होते हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी गेले होते एक अक्षर बघायला. देऊळ नाही, म्युझियम नाही, पांडा तर अजिबात नाही. भिंतीवर ब्रशने फासलेलं एक अक्षर.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

२०१९ चा गणपती. मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझी एक चिनी मैत्रीण मोबाइल कंपनीच्या कामासाठी मुंबईत राहत होती. तिला मी आमच्या गिरगावच्या चाळीत दर्शनाला आणलं. तिने तीन मोदक संपवले, आरतीला आमच्यापेक्षा बऱ्या ठेक्यात टाळ्या वाजवल्या आणि मग गॅलरीत येऊन उभी राहिली. खाली चौक, चारी बाजूंनी खोल्या, दोरीवर सगळ्यांचे कपडे, टोकाला कॉमन संडास. म्हणाली, ''हे आमचंच जुनं घर आहे. फक्त उभं केलेलं.'' मला जाम गंमत वाटली. तेवढ्यात तिचं लक्ष आमच्या दाराच्या चौकटीकडे गेलं. महिन्याभरापूर्वीच रीडेव्हलपमेंटच्या सर्व्हेवाल्यांनी तिथे लाल रंगात खोली नंबर टाकला होता. ती एकदम गप्प झाली आणि मग हळूच विचारलं, ''मग कधी निघताय?''

मी म्हटलं, अगं तो नुसता नंबर आहे, आमच्याकडे नंबर पडला की पुढची दहा वर्षं काही होत नाही. तिला ते पटलं नसावं. तिने मोबाइलवर बोटाने एक अक्षर काढून दाखवलं. ''आमच्याकडे हे लिहितात. आणि मग वेळ फार नसतो.''

ते अक्षर म्हणजे छाय.

उच्चार करून बघा. 'चाय'मधल्या 'चा'चा 'छा' करायचा आणि सूर वरच्या पट्टीत धरून तसाच सरळ सोडायचा. गाण्याच्या क्लासमध्ये वरचा सा धरायला लावतात, तसा. (नुसतंच 'छा' म्हणालात आणि सूर खालून वर चढवलात, तर चहा! आपला चहा शेवटी तिथूनच आलाय.) अर्थ : पाडणे. लिहायला आठ फटकारे लागतात. डावीकडे तीन फटकाऱ्यांचा 'हात', उजवीकडे पाच फटकाऱ्यांचा भाग, जो आज बघितला तर कुऱ्हाडीच्या चिन्हावर एक तिरका ठिपका दिल्यासारखा दिसतो. म्हणजे हात आणि कुऱ्हाड. समजायला सोपं आहे ना? मलाही असंच वाटलं होतं. ते चुकीचं निघालं, पण ते पुढे.

घर पाडायचं ठरलं की भिंतीवर पांढऱ्या नाहीतर लाल रंगात हे एकच अक्षर यायचं, भोवती एक गोल. तारीख नाही, सही नाही, कोणाचं नाव नाही. १९९० च्या दशकात आणि २००८ च्या ऑलिम्पिकपर्यंत बीजिंगमध्ये ते इतक्या भिंतींवर होतं की शहरात एक जोकच झाला. चिनी भाषेत 'ना' म्हणजे 'कुठे'. छाय-ना? 'पाडायचंय, कुठे?' इंग्रजीत आपण देशाला चायना म्हणतो ते काय उगाच, असं तिथले लोक म्हणायचे. आता आठ हा आकडा चिनी लोकांचा भयंकर लाडका, म्हणून तर ऑलिम्पिक ८-८-०८ ला रात्री आठ वाजता सुरू केलं. आणि त्याआधी जे अक्षर शहरभर फासलं गेलं, ते लिहायला फटकारेही आठच. हे माझं डोकं, कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मास कॉमला आम्हाला सेमिऑटिक्स नावाचा एक पेपर होता. चिन्ह, चिन्हाचा अर्थ, वाचणारा, लिहिणारा वगैरे. मी त्यात काठावर पास झाले. पण ते अक्षर डोक्यात बसलं ते बसलंच. सहा वर्षं गेली. मध्ये कोविड झाला, मैत्रीण परत गेली, मी दोन नोकऱ्या सोडून फ्रीलान्स झाले. आमच्या दारावरचा लाल नंबर फिका झाला आणि गेल्या जूनमध्ये अचानक संमतीपत्राचा फॉर्म घरी आला. आईने तो वाचून बाबांना दिला, बाबांनी न वाचता कपाटावर ठेवला. ऑक्टोबरमध्ये मला व्हिसा मिळाला. हाँगकाँगला विमान बदलून मी बीजिंगला उतरले तेव्हा फॉर्म कपाटावरच होता.

पहिले तीन दिवस मी एकटीच जुन्या शहरात फिरले. बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांना हुतोंग म्हणतात. इथली मूळ आखणी तेराव्या शतकातली, कुबलाई खानाने आपली राजधानी वसवली तेव्हाची. करड्या विटांच्या बुटक्या भिंती, लाल दारं, दारापाशी कोरलेले दगड, आत चौक आणि चौकाच्या चार बाजूंना खोल्या. मूळची एका कुटुंबाची घरं. कम्युनिस्ट राजवट आल्यावर हळूहळू एकेका चौकात पाच-सात बिऱ्हाडं आली. १९७६ मध्ये तांगशानला प्रचंड भूकंप झाला, तेव्हा बीजिंगकरांनी भीतीने चौकात तात्पुरत्या शेड घातल्या आणि मग त्या कधी काढल्याच नाहीत. त्यांचीच पुढे स्वयंपाकघरं झाली. अशा मिसळलेल्या चौकाला 'दाझायुआन' म्हणतात. आपल्याकडे वाड्यांचं जे झालं तेच की.

ड्रम टॉवरच्या मागच्या गल्लीत सकाळी एक बाई तव्यावर जियानबिंग करते. पातळ धिरड्यावर अंडं फोडायचं, तिखट सॉस, कोथिंबीर, कुरकुरीत पापडी, घडी घालून हातात. आपला मसाला डोसा यापुढे थोडा आळशी वाटतो. (कोल्हापूरकरांनी, पुणेकरांनी, सगळ्यांनीच माफ करावं.) ते खात मी भिंती बघत फिरले. लामा टेंपलजवळच्या वुदाओयिंगमध्ये कॅफेच कॅफे. नानलुओगुशियांगमध्ये तर आपल्या दादरच्या रानडे रोडवर दिवाळीत असते तेवढी गर्दी. भिंती नव्याने रंगवलेल्या, दारं चकचकीत. छाय कुठेच नाही!

होणारही नव्हता म्हणा. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या बीजिंगच्या मास्टर प्लॅनमध्ये लिहिलंय, की जुनं शहर आता आणखी पाडायचं नाही. ते लिहिताना 'पाडायचं' यासाठी अर्थातच हेच अक्षर वापरावं लागलं. २०२४ मध्ये शहराच्या मधोमध जाणारा उत्तर-दक्षिण अक्ष युनेस्कोच्या यादीतही गेला. पण तोपर्यंत बरंच काही होऊन गेलं होतं. शहराभोवतीची अजस्र तटबंदी १९५० आणि ६० च्या दशकांत उतरवली. आर्किटेक्ट लियांग सचंग यांनी सुचवलं होतं, तट ठेवा, त्याच्यावर लोकांसाठी बाग करा. कोणी ऐकलं नाही. आज तटाच्या रेषेवरून मेट्रोची दोन नंबरची लाइन धावते आणि तिच्या बऱ्याच स्टेशनांची नावं अजूनही 'मन' म्हणजे वेस या शब्दाने संपतात. वेस नाही, स्टेशन आहे. लियांग आणि त्यांची बायको लिन ह्वेयिन १९३० च्या दशकात ज्या चौकातल्या घरात राहायचे, ते घरही जानेवारी २०१२ मध्ये पाडल्याचं उघड झालं. ही लिन ह्वेयिन म्हणजे १९२४ मध्ये रवींद्रनाथ टागोर बीजिंगला आले तेव्हा त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून फिरणारी आणि त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्याच नाटकात चित्रा झालेली मुलगी. मी ती गल्ली शोधून काढली. बघण्यासारखं काही नाही. मी बघून आले.

मेट्रो थ्रीसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या ज्या चाळी गेल्या, त्या मला त्या दोन नंबरच्या लाइनमध्ये बसल्यावर आठवल्या. आणि आता मी त्याच मेट्रोने बीकेसीला जाते, एसीत उभी राहून, मजेत. असो.

कलावंतांचं लक्ष या अक्षराकडे फार आधी गेलं होतं. झांग दाली नावाचा कलाकार १९९५ मध्ये इटलीहून परतला आणि रात्री सायकलवरून फिरून पाडायच्या भिंतींवर स्प्रेने स्वतःच्या टकल्या डोक्याची बाह्यरेषा काढू लागला. छायच्या शेजारी एक डोकं, जणू दोघांचं बोलणं चाललंय. वांग जिनसोंगने १९९९ मध्ये भिंतींवरच्या शंभर छायचे फोटो एकत्र मांडले. शंभर माणसांची शंभर हस्ताक्षरं. कोणी सुबक काढलाय, कोणी घाईत, कोणाचा रंग ओघळलाय. लिहिणाऱ्याचा मूड कळतो. घरात राहणाऱ्याचा नाही.

मग चौथ्या दिवशी मैत्रिणीला सुट्टी मिळाली आणि ती मला शहराबाहेर घेऊन गेली. मेट्रो, मग बस, मग पायी. जिथे शहर गावांना गिळत चाललंय तो भाग. ''तुला बघायचंय ना?'' म्हणाली, ''चल.'' एका वळणावर ते दिसलं. करड्या भिंतीवर लाल रंगात, भोवती थोडा वाकडा गोल. खाली सायकल टेकवलेली, खिडकीला लसणाच्या गड्ड्यांची वेणी टांगलेली, आत टीव्ही चालू. सहा वर्षं जे डोक्यात होतं ते समोर आल्यावर मी काय केलं असेल? कॅमेरा काढला. आपण आणखी काय करणार?

तेवढ्यात दारातून एक काका बाहेर आले. पन्नाशीचे, हातात चहाचा थर्मास. त्यांनी मैत्रिणीला विचारलं, ही सरकारी आहे का? ती म्हणाली, नाही, भारतीय आहे. काका हसले. म्हणाले, भिंतीचा काढ, दाराचा काढू नको. दार अजून माझं आहे.

मी एकही फोटो काढला नाही. खोटं कशाला सांगू, एक काढला. भिंतीचा.

त्याच गल्लीत पुढे एक चपलांचं दुकान होतं आणि त्याच्यावर भलामोठा बॅनर, त्यात पुन्हा तेच अक्षर! मी मैत्रिणीला कोपराने ढोसलं, हे बघ, इथेही छाय. ती इतकी हसली की रस्त्यातच बसली. ते छाय नव्हतं. ते त्याचं भावंड. सगळं तेच, फक्त तो एक तिरका ठिपका नाही. फटकारे सात. अर्थ : मोडणे, घडी घालणे... आणि डिस्काउंट! दुकान हलवायचं म्हणून मालाचा सेल लावला होता. भिंतीवर ठिपक्यासकट, दुकानावर ठिपक्याविना. त्यातही आमची फजिती व्हायची ती झालीच. आकडा ८ आणि पुढे हे अक्षर असं पाहून मी ८० टक्के सूट समजून तीन जोड उचलले. ८ म्हणजे दहातले आठ भाग तुम्ही द्यायचे, सूट फक्त २० टक्के. दोन जोड परत ठेवले.

या सात फटकारेवाल्या भावंडाची कुंडली मात्र अगदी स्वच्छ आहे. तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर जी अक्षरं कोरली जायची, त्यात ते झाडाचे दोन तुकडे आणि शेजारी कुऱ्हाड असं काढलेलं सापडतं. ते दोन तुकडे लिहिता लिहिता जोडले गेले आणि 'हात' या चिन्हासारखे दिसू लागले. म्हणजे आज जो हात दिसतो तो मुळात हात नाहीच, तोडलेलं झाड आहे.

आणि आपल्या छायमध्ये हात खरा आहे, पण कुऱ्हाड खोटी. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, एका आजींच्या घरी.

मैत्रिणीचं कुटुंब आधी छियानमनच्या दक्षिणेला, एका चौकात राहायचं. सात बिऱ्हाडं, एक नळ. ऑलिम्पिकच्या आधी तो भाग पाडला, नव्याने बांधला आणि ऑगस्ट २००८ मध्ये छियानमनचा रस्ता जुन्यासारख्या दिसणाऱ्या नव्या दुकानांसकट पुन्हा उघडला. मैत्रीण तेव्हा शाळेत होती. आता ते सगळे पाचव्या रिंग रोडच्या पलीकडे एका टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहतात. आजी नव्वदीला टेकलेल्या. आम्ही गेलो तेव्हा त्या जुना लाल स्वेटर उसवत बसल्या होत्या. लोकर गुंडाळायला मैत्रिणीचे दोन्ही हात समोर धरायला लावले, माझी आजी मला लावायची तसेच.

मी विचारलं, आजी काय करतायत? मैत्रीण सहज म्हणाली, ''छाय.''

मला वाटलं चेष्टा करतेय. नाही. स्वेटर उसवणे, छाय. थंडी संपली की गोधडीचे टाके काढून खोळ धुवायची, तेही छाय. पत्र उघडणे छाय, कुरियरचं खोकं फोडणे छाय, नवीन वर्षाचं लाल पाकीट उघडणे छाय. ऑफिसातल्या पोरी लाबूबूचा बॉक्स श्वास रोखून उघडतात ना, तेही छायच! कोणाची थाप उघडी पाडणं, जोडप्यात फूट पाडणं, यांच्याही शब्दांत तो आहे. कोणाला तोंडघशी पाडलंत तर 'त्याचं स्टेज छाय केलं'. आपलं 'गरज सरो वैद्य मरो' त्यांच्याकडे 'नदी ओलांडली की पूल छाय' असं आहे. आणि क्रेडिट कार्डाचं बिल दुसऱ्या क्रेडिट कार्डाने भरणाऱ्यांसाठी खास : 'पूर्वेची भिंत छाय करून पश्चिमेची लिंपणे'. (मी कोणाकडे बघत नाहीये.)

म्हणजे हा शब्द आजींना आयुष्यभर मांडीवरचा होता. लोकरीचा, टाक्यांचा, पाकिटांचा. सुटं करायचं, म्हणजे पुन्हा विणता येतं. आणि मग एके दिवशी तोच भिंतीवर आला.

मी त्यांना विचारलं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा काय वाटलं? मला कोट हवा होता, उगाच सोज्वळपणा कशाला. आजींनी बराच विचार केला आणि कोबीबद्दल बोलायला लागल्या. बीजिंगमध्ये थंडीच्या तोंडावर लोक हिवाळाभराचा कोबी घेऊन दाराबाहेर भिंतीला रचून ठेवायचे. त्या वर्षी पोऱ्या रंगाची बादली घेऊन आला आणि नेमकं त्यांच्या कोबीच्या जागी अक्षर काढून गेला. आजी म्हणाल्या, मी रंग वाळू दिला आणि दुसऱ्या दिवशी कोबी होता तिथेच रचला. पार वरपर्यंत. अक्षर दिसेना. मग रोज एक गड्डा काढायचा, शिजवायचा. डिसेंबरात गोलाची वरची कड दिसायला लागली. नवीन वर्षापर्यंत हात दिसला. मार्चमध्ये कोबी संपला.

एवढं सांगून त्यांनी लोकरीचा गुंडा फिरवायला घेतला.

माझे डोळे भरून आले होते, हे मैत्रिणीच्या आईने स्वयंपाकघरातून पाहिलं आणि त्या बाहेर आल्या. त्यांनी जे काही सुनावलं ते मैत्रिणीने अर्धं गाळून सांगितलं असणार. गोळाबेरीज अशी : रात्री दोन वाजता उणे दहा डिग्रीत कोट घालून गल्लीच्या टोकाला सार्वजनिक संडासात गेली आहेस कधी? मधे भिंती नसलेल्या? पोटुशी असताना? मी गेलेय. इथे घरात संडास आहे, गरम पाणी आहे, हिवाळ्यात कोळसा पेटवावा लागत नाही. फोटो काढायला हुतोंग छान आहेत.

मला काय बोलावं सुचेना, कारण हेच सगळं मी मराठीत ऐकलेलं होतं. आमच्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती गॅलरीच्या टोकापर्यंत भिंत धरत जाते. पावसाळ्यात मी सोबत जाते. फॉर्म तिने वाचला होता, प्रत्येक ओळ. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ती बातमी तिने कापून फॉर्मला टाचणीने लावून ठेवली होती. आणि मी? मी चाळीवर दोन लेख लिहिलेत. दोन्हींत 'शेजारधर्म' हा शब्द आहे. संडास हा शब्द एकातही नाही.

जेवताना मी विचारलं, मग सगळे खूश? टेबलावर शांतता. मैत्रिणीने बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये सांगितलं. भरपाई मिळाली ती आजोबांच्या नावावर. कोणाला किती, यावरून तिचे बाबा आणि मोठे काका भांडले, कोर्टापर्यंत गेले. १८ वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. चौकात दोघांच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती, त्या भिंतीतून एकमेकांचं खोकणं ऐकू यायचं. ''भिंतीवर लिहिलं तेव्हा वाटलं भिंत जाणार,'' ती म्हणाली. भरपाईने गबर झालेल्या घरातल्या पोरांना तिथे 'छाय-अर-दाय' म्हणतात, म्हणजे छायची दुसरी पिढी. स्पोर्ट्स कार उडवणारी पोरं असा त्याचा टोमणा. ऑफिसात तिलाही कोणीतरी तसं म्हणालं होतं. तिच्याकडे सेकंडहँड इलेक्ट्रिक स्कूटर आहे.

न हलणारेही असतातच. त्यांच्या घराला 'खिळा-घर' म्हणतात, लाकडात अडकून बसलेला खिळा तसं. २००७ मध्ये चोंगचिंग शहरातल्या एका खिळा-घराचा फोटो जगभर गाजला : चारी बाजूंनी खोल खणलेला खड्डा आणि मधे मातीच्या सुळक्यावर एकटं दुमजली घर. एप्रिलमध्ये तडजोड झाली आणि तेही उतरवलं. २०११ मध्ये सरकारने शहरातल्या घरांसाठी नवा नियम आणला. जुन्या नियमाच्या नावातच छाय होता. नव्याच्या नावात तो नाही, तिथे आता 'संपादन' असा भारदस्त शब्द आहे. भिंतींना हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

त्या रात्री गेस्टहाउसवर मैत्रिणीने मला अक्षर सोडवून दाखवलं. आणि अक्षर सोडवणे याला शब्द काय? 'छाय-झ', अक्षर छाय करणे! पूर्वी ज्योतिषी रस्त्यात बसून हेच करायचे. तुम्ही एक अक्षर लिहायचं, ते त्याचे तुकडे करून तुमचं भविष्य सांगणार.

तर तुकडे असे. इसवी सन १०० च्या सुमारास श्यू शन नावाच्या पंडिताने चिनी अक्षरांचा पहिला मोठा व्युत्पत्तिकोश लिहिला. त्यात आपलं हातवालं छाय नाहीच. त्याचा पूर्वज आहे, आणि त्याच्या डाव्या बाजूला हाताऐवजी माती आहे. अर्थ : भेग पडणे. जमीन तडकते तशी. भविष्य बघायला कासवाचं कवच तापवायचे आणि त्याला तडा जायचा, तो तडा. 'यी जिंग'च्या प्राचीन भाष्यात वादळी पावसानंतर झाडाझुडपांच्या बियांची कवचं फुटतात, तिथेही हाच शब्द आहे. कोणी पाडत नाही, आपोआप उकलतं. हात नंतर आला.

आणि ती कुऱ्हाड? तो भाग पूर्वी वेगळाच लिहायचे. वर एक छप्पर आणि छपराखाली उलटा माणूस. डोकं खाली, पाय वर. तो माणूस तिथे फक्त उच्चार दाखवण्यासाठी आहे, असं श्यू शन म्हणतो आणि छपरासकट त्या भागाचा अर्थ देतो : घर मागे सारणे. शतकानुशतकं लोक भराभर लिहीत गेले, फटकारे घासले गेले आणि छप्पर अन् माणूस मिळून कुऱ्हाडीसारखं दिसायला लागलं. मी वहीत ते जुनं रूप काढलं. घर आणि खाली डोकं वर पाय झालेला माणूस. मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही. ती कोंडीत भरलेले डंपलिंग खात होती, मी सोया सॉस सांडला.

मी परत आले त्या दिवशी आईने पहिला प्रश्न विचारला तो विंचवाचा नव्हता. ''त्यांना संडास घरात मिळाला का?'' म्हटलं, मिळाला. ''कार्पेट किती?'' ते मी विचारलं नव्हतं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मास कॉमच्या फीचे पैसे वाया गेले.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांना वहीतलं अक्षर दाखवलं. ते रिटायर होईपर्यंत प्रेसमध्ये कंपोझिंगला होते, अक्षर म्हटलं की चष्मा शोधतात. ठिपक्याची गोष्ट ऐकून हसले, ''म्हणजे एक टिंब पडलं की सेलमधलं घर जमीनदोस्त. आमच्याकडे याच्यावरून पगार कापायचे.'' स्वेटरचं सांगितलं, कोबीचं सांगितलं. ते ऐकत होते. मग मैत्रिणीच्या बाबांचं आणि मोठ्या काकांचं सांगितलं, १८ वर्षांचं.

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या खोलीची भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर आहे. वारस दोन, बाबा आणि डोंबिवलीचे मोठे काका. फॉर्म जूनपासून कपाटावर होता तो चाळीच्या प्रेमापोटी, असं मी धरून चालले होते. त्यावर माझा तिसरा लेखही झाला असता. बाबांनी वही मिटली, चष्मा काढला आणि म्हणाले, ''मी अण्णाला फोन केला की तो हिस्सा म्हणणार. नाही केला की म्हणणार लपवलं. म्हणून ठेवलाय वर.''

आई भांडी विसळत होती, तिने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. बाबा गॅलरीत उभे होते, मोबाइल कानाला, दुसऱ्या हाताचं बोट दाराच्या चौकटीवरच्या त्या फिक्या लाल आकड्यावरून फिरत होतं.

''अण्णा? मी बोलतोय. ...हो, बरा आहे. ...अरे नाही, कोणाला काही झालेलं नाही. रविवारी येशील का? ...वहिनींना पण आण. एक फॉर्म आलाय, दोघांनी बसून वाचू. ...सहीचं नंतर रे, आधी जेवायला ये.''